सुधारित इनटेक मॅनिफोल्ड इंजिनाला बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे थ्रॉटल बॉडीतून (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेतून) आलेली हवा सिलिंडरांना वाटून देणारा भाग. त्यातली हवेची पेटी म्हणजे प्लेनम, आणि तिथून प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या म्हणजे रनर. तो हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागाला, बोल्टांनी बसतो. मॅनिफोल्ड बदलायला घेतलेल्या माणसाचं सगळं लक्ष हेडकडच्या बोल्टांवर असतं. ते सहा-आठ बोल्ट बसले की काम झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात वेळ खातात ते व्हॅक्यूमचे (मॅनिफोल्डमधल्या कमी दाबावर चालणारे) होज, सेन्सरच्या जागा, फ्युएल रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी), बॉनेटची उंची आणि डोळ्यांना न दिसणारी गळती. म्हणून खालच्या उत्तरांत हेडपेक्षा या बाकीच्या गोष्टींवर जास्त लिहिलं आहे. उत्तरं मुख्यतः पेट्रोल इंजिनाला धरून आहेत.

मॅनिफोल्ड माझ्याच इंजिनासाठी म्हणून घेतला. मग तो सरळ का बसत नाही?

कारण एकाच नावाच्या इंजिनाची हेडं एकसारखी असतातच असं नाही. होंडाच्या बी-सिरीजमध्ये बी१८सी१ च्या हेडचा इनटेक फ्लॅन्ज (मॅनिफोल्ड आणि हेड एकमेकांवर टेकतात तो सपाट भाग) बी१६ए किंवा बी१८सी५ च्या फ्लॅन्जशी जुळत नाही, जरी सगळी इंजिनं एकाच कुटुंबातली असली. जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांत पोर्टचे, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटांचे, उभट कॅथीड्रल, चौकोनी आणि एलएस७ चे असे वेगवेगळे प्रकार आहेत. एकाचा मॅनिफोल्ड दुसऱ्यावर घालायचा विचारही करू नये. शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक (आकाराने लहान व्ही८) इंजिनाला इनटेकचे १२ बोल्ट असत, १९९६ पासून आलेल्या व्होर्टेक हेडला ८ आहेत आणि त्यांची दिशाही वेगळी आहे.

शिवाय बाजारातला मॅनिफोल्ड बहुधा शर्यतीचा विचार करून बनवलेला असतो. त्यात ब्रेक बूस्टरची (व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणाऱ्या भागाची) नळी, कॅनिस्टरची (पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याची) नळी, ईजीआरची (एक्झॉस्टचा थोडा वायू परत आत घेण्याची) वाट या गोष्टी कधी गाळलेल्या असतात, कधी भलत्याच जागी दिलेल्या असतात. फोटोत हे कळत नाही. विकत घेण्याआधी इंजिनाचा कोड आणि हेडच्या ओतकामावरचा नंबर, दोन्ही पाहून घ्या.

कानस हातात घेण्याआधी काय मोजायचं?

आधी जुना मॅनिफोल्ड काढून नव्याशेजारी टेबलावर ठेवा. मग जुन्याला जोडलेली एकूण एक नळी, वायर आणि ब्रॅकेट कागदावर लिहून काढा. प्रत्येकीपुढे नव्या मॅनिफोल्डवर तिची जागा कुठे, ते लिहा. ज्या ओळीपुढे जागा कोरी राहते, तिथे तुमचं काम आहे. ही यादी न करता सुरुवात केलेली कामं अर्ध्यावर अडतात, आणि अडतात ती गाडी उघडून पडलेली असताना.

दुसरं माप फ्लॅन्जचं. हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामधलं गॅस्केट (गळती रोखणारी पट्टी) नव्या फ्लॅन्जवर ठेवून पोर्ट आणि बोल्टांची भोकं दोन्ही जुळतात का ते बघा. गॅस्केट मूळ कंपनीचं असलं तर उत्तम, कारण मॅनिफोल्डबरोबर आलेलं गॅस्केट मॅनिफोल्डशी जुळणारच. प्रश्न हेडचा आहे. पोर्टच्या कडेपासून गॅस्केटच्या बाहेरच्या कडेपर्यंत चहूबाजूंनी किमान ३-४ मि.मी. सपाट धातू राहायला हवा. तेवढा नसेल तर तिथून आज ना उद्या हवा ओढली जाणार.

तिसरं माप सपाटपणाचं. सरळ स्टीलपट्टी फ्लॅन्जवर लांबीत आणि तिरकी ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीचं पातळ पातं) घालून बघा. ०.१० मि.मी.चं पातं सहज सरकत असेल तर फ्लॅन्ज मिलिंगवर फेस करून, म्हणजे कापून सपाट करून, घ्यावा. नवा कोरा माल सपाटच असेल हे गृहीत धरू नका, वेल्ड करून बनवलेला तर मुळीच नाही.

चौथं म्हणजे आजूबाजूची जागा. अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप, रेडिएटरचा वरचा होज, फायरवॉल, डिपस्टिक. गॅस्केट लावून, दोन बोल्ट हाताने आवळून मॅनिफोल्ड नुसता टांगा आणि सगळीकडून बोट फिरवा. बोल्ट आवळायला पाना आत जातो का, हेही याच वेळी पाहा. काही मॅनिफोल्डांत खालच्या बोल्टापर्यंत पाना पोचवायला आधी थ्रॉटल बॉडी काढावी लागते.

बोल्टांची भोकं थोडी हुकतात. कानशीने लांबवली तर चालेल?

एक-दीड मिलिमीटरपर्यंत चालतं. भोक गोलाकार मोठं करण्यापेक्षा ज्या दिशेला हवं त्याच दिशेला लांबट करा, आणि बोल्टाखाली जाड, कडक वॉशर घाला म्हणजे दाब पसरेल. मात्र भोकं सैल झाली की मॅनिफोल्डची जागा बोल्ट ठरवत नाहीत. प्रत्येक वेळी बसवताना पोर्ट थोडे इकडेतिकडे होतील. त्यावर उपाय म्हणजे दोन टोकांना डॉवेल पिना (जागा पक्की धरणाऱ्या घट्ट पिना). एकदा पोर्ट नीट जुळवले, की पिनांची भोकं मारून जागा कायमची पक्की करायची.

अंतर नसून कोन चुकत असेल तर प्रकरण वेगळं. १९८७ ते १९९५ च्या स्मॉल ब्लॉक शेव्हीच्या लोखंडी हेडांवर मधल्या चार बोल्टांचा कोन बदललेला आहे. जुन्या नमुन्याचा मॅनिफोल्ड त्यावर घालताना ती भोकं लांबवावी तर लागतातच, पण बोल्टाचं डोकं टेकतं तो पृष्ठभागही नव्या कोनात कापावा लागतो. नाहीतर डोकं एका कडेवर टेकतं. टॉर्क पाना आकडा बरोबर दाखवतो आणि गॅस्केटवर दाब मात्र येत नाही.

तीन-चार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल तर भोकं लांबवण्याचा नाद सोडा आणि अॅडॉप्टर प्लेटचा विचार करा.

अॅडॉप्टर प्लेट म्हणजे जुगाडच ना?

नीट केली तर नाही. साधारण १०-१२ मि.मी. जाडीची अॅल्युमिनियमची प्लेट घेतात. ती आधी हेडला बसते आणि मॅनिफोल्ड तिच्यावर. हेडकडचे स्क्रू काउंटरसंक असावे लागतात, म्हणजे त्यांची डोकी प्लेटच्या पृष्ठभागाखाली जातात. त्यांना थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावावंच, कारण मॅनिफोल्ड चढल्यावर ते दिसतही नाहीत आणि आवळताही येत नाहीत. मॅनिफोल्डसाठी प्लेटमध्ये स्टड (डोकं नसलेले बोल्ट) बसवतात. अॅल्युमिनियममध्ये आटे बोल्टाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोल हवेत. एम८ (८ मि.मी. व्यासाच्या) बोल्टासाठी हे १२ ते १६ मि.मी. होतं. प्लेट पातळ असेल तर हेलिकॉइल (आट्यांत बसणारी तारेची गुंडाळी) घाला, किंवा जिथे जागा असेल तिथे स्टड आरपार नेऊन थेट हेडमध्ये घ्या.

प्लेटमधला पोर्ट नुसता सरळ भोक पाडून सोडू नका. एका तोंडाला हेडचा आकार, दुसऱ्या तोंडाला मॅनिफोल्डचा, आणि मध्ये हळूहळू होणारा बदल, असा तो कोरावा लागतो. दहा-बारा मिलिमीटरमध्ये फार मोठा बदल हवेला मानवत नाही. पोर्टचे आकार खूपच वेगळे असतील तर मॅनिफोल्डच चुकीचा निवडला आहे.

प्लेटमुळे मॅनिफोल्ड तेवढाच बाहेर सरकतो हे लक्षात ठेवा. जागेची मापं प्लेट धरून पुन्हा घ्या. प्लेटला दोन गॅस्केटं लागतात, म्हणजे गळतीच्या जागाही दोन.

पोर्ट मॅच करताना (दोन्हीकडचे पोर्ट जुळवताना) मॅनिफोल्डचा पोर्ट हेडपेक्षा मोठा हवा की लहान?

बरोबरीचा, किंवा किंचित लहान. मोठा कधीच नको.

हवा मॅनिफोल्डकडून हेडकडे जाते. मॅनिफोल्डचा पोर्ट मोठा असेल तर हेडची कड हवेच्या तोंडावर पायरीसारखी उभी राहते आणि प्रवाह तिथे आपटतो. उलट मॅनिफोल्ड अर्धा-एक मिलिमीटर लहान असेल तर हवा पायरी उतरून मोठ्या जागेत जाते. त्याचा तोटा अगदी थोडा, शिवाय व्हॉल्व्ह ओव्हरलॅपच्या वेळी (इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना) मागे येऊ पाहणाऱ्या झोताला ती कड थोडीशी अडवते. गॅस्केटचंही तेच. त्याची कड पोर्टच्या आत डोकावता कामा नये.

पद्धत साधी आहे. फ्लॅन्जला निळी मार्किंग शाई लावा, डॉवेल किंवा बोल्टांच्या आधाराने गॅस्केट बसवा आणि टोकदार स्क्राइबरने आतली कड ओढा. मग डाय ग्राइंडरने रेघेपर्यंत या, रेघ खाऊ नका. अॅल्युमिनियमसाठी मोठ्या दात्यांचा, एकेरी कापाचा कार्बाइड बर (फिरणारं, कापणारं टोक) घ्या. स्टीलसाठीचा दुहेरी कापाचा बर अॅल्युमिनियमच्या किसाने क्षणात भरतो. बरला मेण किंवा रॉकेल लावत राहिलं की कीस चिकटत नाही.

रुंदी फक्त तोंडाशी वाढवून थांबू नका. आत २५-३० मि.मी.पर्यंत उतार देत जा, नाहीतर तोंडाशी फुगवटा तयार होतो. आणि भिंतीची जाडी आधी बाहेरून-आतून कॅलिपरने तपासा. ओतकामाचा गाभा हलला असेल तर एका बाजूला भिंत ५ मि.मी. आणि दुसऱ्या बाजूला २ मि.मी. निघू शकते.

आतून आरशासारखं पॉलिश करावं का?

नाही. ८० ते १२० नंबरच्या एमरीचा पृष्ठभाग पुरे. कार्ब्युरेटर असेल तर चकचकीत भिंतीवर पेट्रोल थेंबाथेंबाने ओघळतं. इंजेक्शनच्या गाडीत नुकसान कमी, पण फायदाही नाही.

मूळ मॅनिफोल्ड प्लास्टिकचा आहे. त्यालाच कापून, चिकटवून सुधारता येईल?

माझा सल्ला, करू नका. त्यावर पीए६-जीएफ३० किंवा पीए६६ असं छापलेलं दिसेल. हे काचतंतू मिसळलेलं नायलॉन आहे. दोन-तीन कवचं घर्षणाच्या कंपनाने वितळवून जोडलेली असतात. त्या जोडावर कापलं की मूळची ताकद परत येत नाही, आणि नायलॉनला इपॉक्सी नीट धरत नाही. उष्णता, तेलाची वाफ आणि कंपन यांत तो जोड सुटतो. आतला तुकडा सुटून व्हॉल्व्हखाली गेला तर हेड उघडावं लागेल.

एखादा जास्तीचा निपल बंद करणं किंवा बाहेरची निरुपयोगी ब्रॅकेट कापणं एवढं चालतं. बोल्टांच्या भोकांतल्या धातूच्या नळ्या मात्र काढू नका. बोल्टाचा दाब त्या घेतात, प्लास्टिक घेत नाही.

अॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डला वेल्डिंग करून घ्यायचं आहे. काय सांभाळायचं?

सगळ्यात आधी तो अॅल्युमिनियमच आहे ना, हे बघा. काही मॅनिफोल्ड मॅग्नेशियमचे असतात आणि मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो.

काम आर्गनच्या टिग वेल्डिंगचं आहे. वापरलेल्या ओतीव मॅनिफोल्डच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. वेल्ड करताना ते उकळून वर येतं आणि टाका बुडबुड्यांनी भरतो. म्हणून अॅसिटोनने धुणं, थोडं गरम करून तेल बाहेर काढणं, पुन्हा धुणं, आणि फक्त अॅल्युमिनियमसाठी राखून ठेवलेल्या स्टेनलेस ब्रशने घासणं, एवढं करावंच लागतं. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर इथे चुकूनही वापरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेत आणि किरणांत त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. डब्यावर घटक वाचा, शंका असेल तर बाजूला ठेवा.

फिलर तारेत (वितळून जोड भरणाऱ्या तारेत) ४०४३ ही जात निवडा. ५३५६ जास्त मजबूत असली तरी सतत ६५ अंश सेल्सिअसच्या वर राहणाऱ्या भागासाठी ती योग्य नाही, आणि इंजिनावरचा मॅनिफोल्ड त्याहून तापतो.

वेल्ड थंड होताना आकसतं आणि फ्लॅन्ज केळ्यासारखा वाकतो. त्यासाठी फ्लॅन्ज जाड स्टीलच्या प्लेटला किंवा एखाद्या निकामी हेडला सगळ्या बोल्टांनी आवळून मगच वेल्ड करा. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सलग जाऊ नका, जागा बदलत छोटे छोटे टाके घ्या. पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट सोडू नका. एवढं करूनही थोडा वाक येतोच, म्हणून फ्लॅन्ज आधीच मिलिमीटरभर जाड ठेवून शेवटी फेस मारून घेतात. फेस मारणं हे वेल्डिंगनंतरचं शेवटचं काम. त्यानंतर एखादा निपल राहिला म्हणून पुन्हा टॉर्च लावली तर ते काम वाया गेलं.

व्ही-आकाराच्या इंजिनात मॅनिफोल्ड दोन हेडांच्या मध्ये बसतो. हेड फेस केलेली असतील तर?

मग जुळणी बिघडते, आणि सरळ रांगेच्या इंजिनात हा प्रश्न येतच नाही म्हणून तो अनेकांना माहीत नसतो. हेड खाली आली की दोन्ही इनटेक पृष्ठभाग एकमेकांजवळ येतात. मॅनिफोल्ड मध्ये वर अडकतो, पोर्ट आणि बोल्ट दोन्ही चुकतात. अशा वेळी मॅनिफोल्डच्या दोन्ही बाजू आणि तळ कापावा लागतो. प्रमाण इंजिनाच्या भूमितीवर ठरतं. स्मॉल ब्लॉक शेव्हीसाठी प्रचलित गुणक बाजूला १.२३ आणि तळाला १.७१ आहेत. म्हणजे हेड ०.५० मि.मी. कापलं असेल तर प्रत्येक बाजू सुमारे ०.६० मि.मी. आणि तळ सुमारे ०.८५ मि.मी. हे आकडे दुसऱ्या इंजिनाला लावू नका.

याच इंजिनांत ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या भिंतींवर कॉर्कची पट्टी घालण्याऐवजी जाडसर सिलिकॉनची रेघ ओढणं जास्त भरवशाचं. कॉर्क दाबाखाली घसरतं, आणि मॅनिफोल्डला वर उचलूनही धरतं.

आणखी एक अडथळा दाखवण्यासारखा आहे. १९९७ ते २००० च्या एलएस१ वर एलएस६ चा मॅनिफोल्ड घालतात, कारण तो जास्त हवा देतो. पण त्याचा तळ खोल आहे आणि हेडच्या मागच्या टोकांना जोडलेल्या कूलंटच्या वाफेच्या नळ्या त्याला लागतात. मागची दोन तोंडं बुचाने बंद करून पुढची ठेवतात, मगच तो टेकतो. बोल्ट जुळले, पोर्ट जुळले, तरी एका नळीने काम अडवलं.

रनर आखूड केले तर ताकद वाढते का?

वरच्या आरपीएमला वाढू शकते. खाली कमी होते.

व्हॉल्व्ह उघडून पिस्टनने हवा ओढली की कमी दाबाची लाट रनरमधून प्लेनमकडे जाते, तिथून जास्त दाबाची होऊन परत फिरते. ती व्हॉल्व्ह बंद होण्याच्या जरा आधी परत पोचली तर सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबते. आता हिशोब करू. व्हॉल्व्हपासून प्लेनमपर्यंत ४० सें.मी. अंतर असेल तर जाऊन-येऊन ८० सें.मी. होतात. आवाजाच्या वेगाने त्याला साधारण २.३ मिलिसेकंद लागतात. ६००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक सुमारे ८४ अंश फिरतो, ३००० ला ४२ अंश. लाटेला लागणारा वेळ तोच, पण ती कुठल्या क्षणी पोचते ते आरपीएमवर ठरतं. म्हणून एक लांबी सगळीकडे चांगली असूच शकत नाही.

क्रायस्लरने १९६० च्या ३००एफ गाडीत तब्बल ३० इंचांचे रनर दिले होते, मधल्या आरपीएमचा टॉर्क वाढवण्यासाठी. त्याच गाडीसाठी आतल्या भिंती कापून रनरची परिणामकारक लांबी निम्म्यावर आणलेला प्रकारही होता. तो वरच्या आरपीएमसाठी. बाहेरून दोन्ही जवळपास सारखेच दिसतात.

रोज रस्त्यावर चालणारी गाडी बहुतेक वेळ ४००० च्या खालीच असते. तिथला पिकअप घालवून ७००० ला चार घोडे मिळवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

व्हॅक्यूमच्या नळ्या कुठे जोडायच्या?

ब्रेक बूस्टरपासून सुरुवात करा, कारण यात चूक झाली तर गाडी थांबणार नाही. त्याची नळी थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, प्लेनमवरच हवी. मूळ नळीच्या आतल्या व्यासाएवढाच निपल द्या आणि एकतर्फी व्हॉल्व्ह कायम ठेवा. बारीक निपलला रिड्यूसर लावून जोडली तर पहिला ब्रेक लागेल, लागोपाठच्या दुसऱ्या-तिसऱ्याला पेडल दगड होईल.

मॅप सेन्सरला (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरला) प्लेनममधूनच दाब द्या. एका रनरमधून दिला तर सूचना थरथरत राहते आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) गोंधळतो. पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ आत आणणारी) नळी शक्य तितकी मध्यभागी जोडा. टोकाला जोडली तर तेलाची सगळी वाफ एकाच सिलिंडरला जाते आणि त्याच सिलिंडरचा प्लग काळा पडतो. कॅनिस्टरची नळी मूळ जशी असेल तशी, तिचा पर्ज व्हॉल्व्ह (वाफ सोडणारी झडप) मध्ये ठेवून. हवेच्या तापमानाचा सेन्सर तापलेल्या धातूत गाडू नका. तो हवेऐवजी मॅनिफोल्डचं तापमान सांगू लागतो.

नवे निपल आटे पाडूनच बसवा, दाबून किंवा चिकटवून नको. आट्यांना पेट्रोल सहन करणारा द्रव सीलंट लावा. टेफ्लॉनच्या पट्टीचे धागे सुटून आत जातात. भोकं प्लेनम टेबलावर असतानाच पाडा.

ईजीआर आणि रनरमधले फ्लॅप (हवेची वाट बदलणाऱ्या पाकळ्या) काढून टाकले तर?

इंजिन चालेल, पण चेक लाइट लागेल. ईजीआरचा प्रवाह नसेल तर पी०४०१, फ्लॅपची यंत्रणा अडकली किंवा नाहीशी झाली तर पी२००४ च्या आसपासचे दोषाचे कोड स्कॅनरवर येतात. ईजीआर ज्वलनाचं तापमान खाली ठेवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करतो. तो काढला तर प्रदूषण चाचणीत अडचण येणार आणि अनेक देशांत ते बेकायदेशीरही आहे. नवा मॅनिफोल्ड निवडतानाच ईजीआरची तरतूद असलेला घ्या. फ्लॅप काढलेच तर त्यांच्या दांड्याची दोन्ही भोकं वेल्डने किंवा आट्याच्या बुचाने बंद करा. एम-सीलसारख्या लेपाने नाही.

थ्रॉटल बॉडी जुनीच वापरता येईल का?

बहुतेक वेळा येते, अॅडॉप्टर घालून. होंडाच्या के-सिरीजचा आरबीसी मॅनिफोल्ड इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलसाठी आहे. केबलचा थ्रॉटल असलेल्या के२०ए२ इंजिनाला तो लावताना याच कारणाने अॅडॉप्टर लागतो. केबल असेल तर तिची लांबी आणि ब्रॅकेटचा कोन पाहा. पेडल सोडल्यावर थ्रॉटलची पाकळी पूर्ण मिटली पाहिजे, आणि स्टिअरिंग कसंही वळवलं, इंजिन कसंही हललं तरी केबल ताणली जाता कामा नये. नुसती मोठी थ्रॉटल बॉडी लावून ताकद वाढत नाही. पेडल थोडं दाबल्यावर गाडी जास्त उसळते, त्यालाच लोक ताकद समजतात.

थ्रॉटल बॉडीतून जाणारा कूलंट थंड, दमट हवेत पाकळीवर बर्फ धरू नये म्हणून असतो. उष्ण प्रदेशात तो वळवला तरी चालतं.

इंजेक्टर आणि फ्युएल रेलबद्दल काय?

इंजेक्टरची वरची आणि खालची ओ-रिंग दोन्ही पूर्ण आत बसल्या पाहिजेत आणि रेल बोल्टांनी पक्की हवी. रेल उंच राहत असेल तर खालून स्पेसर काढा, इंजेक्टर ओढून लांब करता येत नाही. रेल खाली येत असेल तर स्पेसर घाला. फवाऱ्याचा रोख व्हॉल्व्हच्या पाठीवर असावा, रनरच्या भिंतीवर नाही. ओ-रिंग नव्या घ्या, स्वच्छ इंजिन ऑइल लावून बसवा.

रेल सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरी सोडा. जोडून झाल्यावर इंजिन सुरू न करता इग्निशन चार-पाच वेळा चालू-बंद करा. पंप दाब भरेल. प्रत्येक इंजेक्टरभोवती कोरा टिश्यू फिरवा. ओला झाला तर पुढे जायचं नाही. आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नको.

बॉनेट लागतं की नाही ते कसं कळेल?

मॅनिफोल्डच्या उंच जागांवर प्लॅस्टिसिनचे गोळे ठेवा, बॉनेट हळूच लावा, उघडा, गोळ्यांची उरलेली जाडी मोजा. १५-२० मि.मी. तरी हवी, कारण वेग घेताना इंजिन माउंटांवर डोलतं. माउंट जुने असतील तर आणखी. बॉनेटच्या आतली पट्टी कापायचा मोह होईल. ती अपघातात बॉनेट दुमडावं म्हणून आखलेली असते, तिला हात लावू नका.

गॅस्केटला सिलिकॉन लावू का?

कोरड्या गॅस्केटला नको. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, आणि जास्त लावलेला भाग आत सुटून जातो. कूलंटच्या वाटेभोवती, तेही मॅन्युअल सांगत असेल तर, पातळ थर. गॅस्केटने गळती थांबत नसेल तर दोष पृष्ठभागात आहे.

बोल्ट किती आवळायचे?

मॅन्युअलमधला आकडा पहिला. तो नसेल तर अॅल्युमिनियममध्ये एम६ साठी १० आणि एम८ साठी २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास. मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन किंवा तीन फेऱ्यांत. एलएस१ ला आधी ५, मग १० न्यूटन-मीटर असा क्रम आहे. ऐकायला कमी वाटतं, पण प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला तेवढंच पुरतं. दोन-चार वेळा इंजिन तापून गार झालं की थंड असताना पुन्हा तपासा.

कीस आत राहू नये म्हणून?

घासकाम फक्त मॅनिफोल्ड गाडीवरून उतरवलेला असताना. नंतर गरम साबणाच्या पाण्याने, बाटल्या धुवायच्या ब्रशने प्रत्येक रनर धुवा, हवा मारा, पुन्हा धुवा. पांढरं फडकं आतून फिरवल्यावर करडं निघतं तोवर काम संपलेलं नाही. हेडच्या पोर्टांत कोंबलेल्या चिंध्या मोजून ठेवा आणि मोजून काढा.

पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडल (पेडल न दाबता इंजिनाचा वेग) चढलेलाच राहतो. आता?

जवळपास नेहमीच हवेची गळती. पी०१७१ (मिश्रण पातळ) किंवा पी०५०७ (आयडल जास्त) कोडही येऊ शकतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट) बघा. आयडलला +१० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल तर मॅनिफोल्डच्या बाजूलाच गळती आहे, कारण गळती तेवढीच राहते आणि एकूण हवेत तिचा वाटा कमी होतो. दोन्हीकडे सारखाच चढलेला असेल तर इंधनाचा दाब किंवा हवेचा सेन्सर तपासा.

जागा शोधायला धुराचं यंत्र सर्वांत चांगलं. थ्रॉटलकडचं तोंड बंद करून अगदी कमी दाबाने, १ पीएसआयपर्यंत, धूर सोडायचा आणि टॉर्च मारून बघायचं. कार्ब क्लीनर फवारून आवाज बदलतो का ते पाहण्याची जुनी रीत तापल्या एक्झॉस्टशेजारी आग लावू शकते. मला ती पसंत नाही.

ईसीयूचं ट्यूनिंग लागेलच का?

मॅफ सेन्सर असलेली गाडी बरंचसं स्वतः सावरून घेते, कारण ती येणारी हवा मोजते. मॅपवर चालणारी गाडी मात्र हवेचा अंदाज जुन्या मॅनिफोल्डच्या तक्त्यावरून बांधते, आणि तो तक्ता आता चुकीचा आहे. आयडलला लॅम्डा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) सेन्सर पेट्रोलचं १४.७ चं प्रमाण, म्हणजे एका भागाला १४.७ भाग हवा, राखून घेईल, पण पूर्ण थ्रॉटलला बहुतेक ईसीयू त्याचं ऐकतच नाहीत. तिथे मिश्रण पातळ राहिलं तर पिस्टन वितळतो. वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण दाखवणारा सेन्सर) लावून पूर्ण थ्रॉटलचं मिश्रण पाहिल्याशिवाय गाडी ताणू नका.

टर्बोच्या गाडीत काही वेगळं?

इथे गळती आत नाही, बाहेर होते. होजांना नुसत्या स्प्रिंग क्लिपा पुरत नाहीत. पीसीव्ही आणि बूस्टरच्या नळ्यांतले एकतर्फी व्हॉल्व्ह दाब सहन करणारे हवेत. पत्र्याच्या प्लेनमच्या मोठ्या सपाट भिंती दाबाने फुगतात आणि वेल्डच्या कडेला तडा जातो, म्हणून आतून टेकू देतात किंवा भिंत गोलाकार करतात. बसवण्याआधी सगळी तोंडं बंद करून साबणाच्या पाण्याने दाब-चाचणी घ्या.

जुना मॅनिफोल्ड विकून टाकू का?

गाडी एकदा प्रदूषण चाचणीतून जाऊ द्या, एक हिवाळा आणि एक उन्हाळा नीट चालू द्या. तोपर्यंत तो, त्याचे सगळे बोल्ट आणि ब्रॅकेटं एका पेटीत, चिठ्ठ्या लावून ठेवा. मूळ बोल्टांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. चुकीचा लांब बोल्ट आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकात आवळला की आटे जातात, नाहीतर हेड फुटतं.